‘टिटवी’वरची बाई

१

जयसिंगचा फोन आला की पूर्वीच्या कपाळाला आठी आधी पडायची आणि हात फोनकडे नंतर जायचा. चिखलीतल्या त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिच्या नवऱ्याची शिडाची बोट दुरुस्तीला उभी होती, आणि त्या बोटीबद्दल जयसिंगची दर आठवड्याला नवी तक्रार असायची. कधी लोक गेटवर चढून फोटो काढतात म्हणून, कधी रंगाचा वास शेजारच्या गाळ्यात जातो म्हणून. त्या दिवशी ती चाकणला कंपनीत मीटिंगमध्ये होती. फोन कट केला तरी पुन्हा पुन्हा वाजत राहिला, तेव्हा ती वैतागून बाहेर आली.

“वहिनी, तुमच्या होडीतनं पाणी येतंय.”

“कुठून?”

“होडीतनं! नळ सोडल्यावानी भाईर पडतंय. शेजारचा वेल्डिंगवाला बोंबलतोय, शॉक लागंल म्हनून.”

“मग केयूरला सांगा ना. तो तिथेच असतो.”

“सांगितलं की. सायब म्हनले, येतंच थोडं. आता मला सांगा, येतंच कसं? होडी माझ्या शेडात हाय. समुद्रात न्हाई.”

पूर्वीने डोळे मिटून घेतले. बोटीच्या पोटात साचणारं पाणी पंपाने उपसायचं, हे काम तिने कोचीपासून मालदीवपर्यंत आणि मालदीवपासून सेशेल्सपर्यंत केलं होतं. सकाळी उठल्यावर तेच, झोपण्याआधी तेच. त्या पंपाच्या दांड्याचे घट्टे तिच्या तळहातावर अजून होते. समुद्र सोडून, ट्रेलरवरून घाट चढून बोट चिखलीत आली, तरी पाणी काही तिचा पिच्छा सोडायला तयार नव्हतं.

“येते संध्याकाळी,” ती म्हणाली.

“या. आन् सायबांना जरा समजवा. मानूस चांगला हाय, पन घरी जात न्हाई, हे बरं न्हाई.”

हे जयसिंगने तिला सांगायची काही गरज नव्हती.

२

‘टिटवी’ हे नाव पूर्वीनेच ठेवलं होतं, आणि पहिली दोन वर्षं तिला ते आवडतही होतं. केयूरने आयटीतली नोकरी सोडली, तिने लांब मुदतीची बिनपगारी रजा घेतली, आणि दोघं या बेटावरून त्या बेटावर, या बंदरातून त्या बंदरात फिरत राहिले. चांगले दिवस पुष्कळ होते. पण बोटीवर नवरा-बायकोला भांडून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही, आणि काही वाळतही नाही. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि गादी, उशी, कपडे कायम दमट राहतात. “खारट हात धुतल्याशिवाय गादीला लावू नकोस,” हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं होतं की शेवटी केयूर ते तिच्याआधीच म्हणून दाखवायचा.

सेशेल्सला तिचा धीर सुटला. केयूरचे वडील आजारी असल्याचं निमित्त झालं, आणि ती विमानाने घरी आली. ‘टिटवी’ केयूरने एकट्याने मुंबईला आणली. भर समुद्रातून, एकट्याने. आल्यावर लोकांनी विचारलं, भीती नाही वाटली? तो हसून म्हणायचा, “एकटा कुठे होतो? पूर्वी अख्खी वाट माझ्याशी भांडत होती.” सगळे हसायचे. पूर्वीही हसली होती.

ती शेडमध्ये पोचली तेव्हा शेजारच्या गाळ्यातला पत्रा ठोकायचा प्रेस धाडधाड चालू होता. बोट उंच लोखंडी टेकूंवर, घोड्यांवर, उभी होती, डोलकाठी काढून बाजूला आडवी ठेवलेली, छोटं वल्ह्याचं होडकं भिंतीवर हुकांना टांगलेलं. बोटीच्या बाजूच्या भोकातून पाण्याची धार फरशीवर पडत होती. पूर्वीने करंगळी भिजवून जिभेला लावली. खारट.

तिने विचार केला. फायबरच्या थरांमध्ये चार वर्षांचं मीठ मुरलंय. केयूरने गोड्या पाण्याच्या टाक्या भरून बघितल्या असतील, त्यातली एक गळत असेल, आणि ते पाणी जुनं मीठ विरघळवत बाहेर येत असेल. सोपं आहे. तिला बरं वाटलं आणि पाठोपाठ रागही आला, कारण हे तपासायला इंजिनिअर असलेल्या नवऱ्याला कुणी मनाई केली नव्हती.

शिडी चढून ती केबिनमध्ये उतरली. केयूर टेबलाशी बसून दोरीला गाठी मारत होता. रंगकाम करायचं म्हणून खिडक्यांच्या गोल काचांवर आतून कागद चिकटवलेले होते, तरी छतावर उजेडाच्या लाटा हलत होत्या. पाण्यावरून उन्हाची तिरीप परतते तेव्हा हलतात तशा. खाली फरशीवर पाणी साचलंय, दुसरं काय, पूर्वीने स्वतःला सांगितलं.

“टाकी गळतेय का बघितलंस?”

“सगळ्या रिकाम्या आहेत,” केयूर म्हणाला. मान वर न करता. “सकाळीच सांगितलं ना तुला.”

“मला कधी सांगितलंस? मी आत्ता येतेय ऑफिसातून.”

त्याने वर पाहिलं. तो गोंधळला नव्हता. एखादी गोष्ट पुन्हा समजावून सांगायचा कंटाळा यावा, तसा चेहरा होता. “बरं,” तो म्हणाला.

सिंकमध्ये चहाचे दोन कप धुऊन उपडे घातले होते. “कोण आलं होतं?”

“कुणी नाही. पूर्वी, परत सुरू नको करूस. दिवसातून एकदा पुरे.”

केबिनची जमीन डोलल्यासारखी वाटली. बोट सुटल्यावर पहिल्या दिवशी व्हायचं तसं. तिला बोट लागत होती, चक्क चिखलीत, सिमेंटच्या फरशीवर! तिने टेबल घट्ट धरलं. प्रेसच्या दणक्यांनी शेड हादरते, त्याचा परिणाम, हे तिला समजत होतं. घोड्यांवरची बोट लाटेवर चढावी तशी हळूच एका बाजूला उचलली गेली आणि परत बसली, हेही त्या दणक्यांमुळेच असेल. तिने घाईघाईने शिडी गाठली. उतरताना डाव्या मनगटावरचा जुना डाग कठड्याला घासला. मालदीवच्या वाटेवर लाटेत किटली कलंडली होती, तेव्हाचा भाजल्याचा तो लांबट, चकचकीत डाग होता.

“घरी जेवायला ये,” ती खालून ओरडली.

वर पंप पुन्हा सुरू झाला.

३

सांगवीला घरी सासूबाई चिडून बसल्या होत्या. चित्राताई शाळेत शिकवायच्या, निवृत्त झाल्या तरी आवाज वर्गाचाच होता.

“पूर्वी, एक सांगते, राग मानू नकोस. त्याला थोडा वेळ दे. रोज तिथे जाऊन ओरडतेस, त्याने तो घरी येणार आहे का?”

“रोज? आई, मी आज महिन्याभराने गेले.”

“अगं, जयसिंगच यांना फोनवर सांगत होता. वहिनी दुपारच्या येतात, आतून आवाज येतो, साहेबांना फार बोलतात म्हणून.”

आतल्या खोलीतून सासरे, मुकुंदराव, म्हणाले, “जाऊ दे गं, चित्रा. नवरा-बायकोचं आहे.”

पूर्वीच्या डोक्यात तिडीक गेली. चार वर्षं समुद्रावर भांडून झालं, आता न केलेल्या भांडणाचीही बोलणी खायची! आणि मग ती तिडीक एकदम थंड झाली. दुपारी तिथे कुणी बाई येत होती. दोन कप. ‘कुणी नाही.’ इतकं साधं होतं सगळं. मीठ, टाकी, दणके यांतच ती गुंतून राहिली आणि नाकासमोरची गोष्ट दिसली नाही. रात्रभर ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली. मोशीच्या चौकात ट्रकांच्या रांगेत अडकली, तेव्हा आणखी दोन चांगली वाक्यं सुचली. शेडचं शटर अर्धं वर होतं. जयसिंग नव्हता. ती वाकून आत शिरली आणि पाय न वाजवता बोटीखाली येऊन उभी राहिली.

आत बाई बोलत होती.

प्रेसच्या दोन दणक्यांच्या मधल्या फटीत तेवढं ऐकू यायचं. शब्द नाही, नुसता चढत जाणारा सूर. मग दणका. मग पुन्हा सूर. आणि मग, बहुतेक ती बाई खिडकीजवळ आली असावी, कारण वाक्य अख्खं ऐकू आलं: “किती वेळा सांगायचं, खारट हात धुतल्याशिवाय गादीला लावू नकोस.”

पूर्वीने बोटीच्या अंगाला हात टेकवला. फायबर गार होतं, आणि ओलं.

आवाज तिचाच होता. आपला आवाज बाहेरून ऐकला की ओळखू येत नाही म्हणतात. तिने मात्र चार वर्षं स्वतःचे व्हिडिओ कापले, जोडले होते. दोघांनी प्रवासाची रोजची चित्रफीत काढून ठेवली होती, तासन् तास. हां, व्हिडिओ! केयूर इथे बसून जुने व्हिडिओ लावतो. जुनी भांडणंसुद्धा. वेडा, वेडा माणूस. तिला हसू आलं, डोळ्यांत पाणीही आलं, आणि रागाने तयार केलेली सगळी वाक्यं फुकट गेली म्हणून ती थोडी चिडलीसुद्धा.

ती शिडी चढून वर गेली. “केयूर, आधी तो फोन बंद कर.”

केयूर एकटाच होता, गादीच्या कडेला, हात मांड्यांवर ठेवून बसलेला. शिक्षा झाल्यासारखा. हात ओले होते.

“कुठला फोन?”

“व्हिडिओ लावले होतेस ना?”

“फोन खाली आहे. शटरजवळ, चार्जिंगला.”

तिने केबिनच्या वरच्या दारातून, हॅचमधून, मान बाहेर काढून पाहिलं. शटरजवळच्या प्लगला त्याचा फोन लोंबत होता. लॅपटॉप तर घरीच होता.

“मग कोण बोलत होतं?”

केयूरने तिच्याकडे नीट पाहिलं. ती आल्यापासून पहिल्यांदाच. “तूच की,” तो म्हणाला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू शंका उमटली. तिच्या ऑफिसच्या कपड्यांकडे, गळ्यातल्या ओळखपत्राकडे तो पाहत राहिला. “पूर्वी, तू सेशेल्सहून घरी गेली होतीस का?”

“गेले होते म्हणजे? तूच मला विमानतळावर सोडलंस!”

“हां,” तो म्हणाला. “हां. बरोबर.” पण ते तिचं मन राखायला म्हटल्यासारखं होतं.

४

तिने त्याच दिवशी ठरवलं. एकट्याने समुद्र पार करणाऱ्यांना आवाज ऐकू येतात, माणसं दिसतात. हे तिने वाचलं होतं, बंदरांत भेटलेल्या म्हाताऱ्या खलाशांकडून ऐकलंही होतं. केयूरला डॉक्टर हवा होता आणि बोट जायला हवी होती. आपण ऐकलेलं काय, याचं उत्तर तिने पुढे ढकललं. अलिबागच्या एका माणसाने बोट घ्यायची तयारी दाखवली. “गुरुवारी सांगते केयूरला,” ती सासूबाईंना म्हणाली, “आणि घेऊनच येते.”

गुरुवारी त्या भागातले कारखाने बंद असतात. प्रेस बंद, कंप्रेसर बंद, ग्राइंडर बंद. दुपारी ती पोचली तेव्हा शेडमध्ये इतकी शांतता होती की तिला ती जागा ओळखू येईना. जयसिंग शटरसमोर खुर्ची टाकून बसला होता.

“सायब आतच हाईत. सकाळधरनं भाईर आले न्हाईत.” त्याने आवाज खाली केला. “वहिनी, मी उगं बोललो तुमच्या सासऱ्यांना. चूक झाली. पन एक इचारू का? तुमी आत कवा जाता? मी इथंच बसलेलो असतो, तुमी जाताना तर कवा दिसत न्हाई.”

“मी येतच नाही, जयसिंगभाऊ.”

त्याने खुर्ची दोन हात मागे, उन्हात ओढून घेतली.

आत पाण्याचा आवाज येत होता. पंपाचा नाही. फायबरवर बारीक लाटा थपथपतात, तो. शांत बंदरात नांगर टाकल्यावर अख्खी रात्र कानाशी येणारा. फरशी कोरडी होती. पूर्वी शिडी चढून डेकवर गेली आणि खाली उतरायच्या आत थबकली. समोरच्या भिंतीवरचे हुक रिकामे होते. वल्ह्याचं होडकं तिथे नव्हतं.

“केयूर?”

“इकडे!”

आवाज बोटीच्या पलीकडच्या अंगाने, खालून आला. खूश होता तो. कितीतरी दिवसांत तिने त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. त्या बाजूला बोट आणि भिंत यांच्यात एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच जागा होती. ती कठड्यावरून वाकली. खाली सिमेंट, रंगाचा रिकामा डबा, एक झाडू. कुणी नव्हतं. आणि तिथूनच, त्या झाडूच्या जागेवरून, वल्ही पाण्यातून उचलल्याचा आवाज आला, थेंब गळल्याचा आवाज आला, आणि होडकं बोटीला येऊन लागलं. धप्प. डेक तिच्या पायांखाली हलला.

“चल ना,” केयूर म्हणाला. “येतेस ना, पूर्वी? वारं छान आहे.”

तिने तोंड उघडलं. तिला काय म्हणायचं होतं, हे तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. ‘वर ये’ म्हणायचं होतं, की ‘थांब’, की ‘कुठे आहेस तू, मला दिसत का नाहीस’. इतकं सगळं एकदम घशाशी आलं की काहीच निघेना.

तेवढ्यात तिच्या मागे, केबिनमधून, कुणीतरी वैतागून म्हणालं, “आले, आले रे बाबा! एक मिनिट थांबशील का?”

पूर्वी वळली. हॅचच्या कडेवर एक हात आला होता. ओला, उन्हाने रापलेला. त्याने डेकवरची दोरी चाचपली, सराईतपणे गाठ सोडली, आणि उरलेली दोरी खेचून आत घेतली. डाव्या मनगटावर लांबट, चकचकीत डाग होता.

ती तिथेच उभी राहिली. पुढे जाऊन आत डोकावणं तिला शक्य होतं, दोन पावलांचं काम. तिने ते केलं नाही. बोट पलीकडे कलली, एक माणूस कठड्यावरून होडक्यात उतरतो तेव्हा कलते तेवढीच, आणि सरळ झाली. खालून त्या बाईची कटकट ऐकू येत राहिली. टोपी विसरलास, पाणी घेतलंस का, नीट बस. केयूर हसत होता. वल्ह्यांचा आवाज लांब लांब गेला. शेडची भिंत जिथे होती, तिच्या कितीतरी पलीकडे गेला.

मग थपथप थांबली. जयसिंग शटरखालून वाकून म्हणाला, “वहिनी, कुनाशी बोलताय?”

५

पोलिसांत तक्रार दिली. गेटवरच्या कॅमेऱ्यात केयूर आत जाताना दिसत होता, बाहेर येताना नव्हता. पोलिसांनी शेडच्या पत्र्यांत फट शोधली, सापडली नाही. होडकं कुठे गेलं, याचंही उत्तर कुणाकडे नव्हतं. पूर्वीने जे सांगता येईल ते सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही. चित्राताई रडल्या, मग तिला खूप बोलल्या, मग तिच्याच गळ्यात पडल्या. मुकुंदराव रोज संध्याकाळी गॅलरीत येऊन उभे राहायचे.

बोटीच्या पोटात त्या गुरुवारनंतर पाण्याचा थेंब आला नाही. जयसिंगने तसं आवर्जून कळवलं. अलिबागचा माणूस आला, बोट पाहून खूश झाला, आणि पावसाळ्याआधी ट्रेलर लावून घेऊन गेला. पूर्वी बघायला गेली नाही.

ऑफिसात सगळे म्हणायचे, पूर्वीने किती धीराने घेतलंय. किती शांत झालीय. एरवी ड्रॉइंगमध्ये चूक निघाली की अख्खा मजला दणाणून सोडणारी बाई, आता “बरं, बदलू या” म्हणते.

जुलैमधल्या एका संध्याकाळी चाकणच्या चौकात नेहमीसारखी वाहनं तुंबली होती. पुढच्या टेम्पोने न बघता मागे घेतलं आणि पूर्वीच्या गाडीचं बॉनेट चेपलं. ड्रायव्हर उडी मारून खाली उतरला, आधीच हातवारे करत, भांडायच्या तयारीने. आजूबाजूच्या दुचाकीवाल्यांनीही माना वळवल्या. पूर्वीने काच खाली केली. चूक सरळसरळ त्याची होती. तिने तोंड उघडलं.

ड्रायव्हर थांबून वाट बघत राहिला. त्याचे हातवारे हळूहळू खाली आले.

“ताई,” तो म्हणाला, “बोला की कायतरी.”

पूर्वी आपला तो भांडणारा आवाज शोधत राहिली. तिने खरोखर मनापासून शोधलं. भोवती हॉर्न वाजत होते, मागचे शिव्या देत होते, आणि तिच्या आत वारं पूर्ण पडलेलं होतं.

“ताई, पाणी देऊ का?” ड्रायव्हरने घाबरून विचारलं, आणि दोन पावलं मागे सरकला.